परसातल्या दहा कोंबड्या



मागील दोन अंकांत आपण खोडव्यातील पाचटाचे व्यवस्थापन आणि हुमणीचा बंदोबस्त हे विषय पाहिले. या वेळी जरा वाट वाकडी करून परसातल्या कोंबड्यांविषयी लिहीत आहोत. ऊस विकास विभागाचा आणि कोंबडीचा संबंध काय, हा प्रश्न आम्हाला एका सभासदांच्या घरातील आजींनी तोंडावरच विचारला होता. "साहेब, ऊस तुमचा, कोंबड्या आमच्या. त्यात तुम्ही कशाला पडता?" आजींचे म्हणणे चुकीचे नव्हते. उसाचे बिल सभासदाच्या खात्यावर जमा होते, त्यातून सोसायटीची वसुली कापली जाते आणि उरेल ते पुढच्या लागणीत जाते. अंड्याचा पैसा मात्र ज्या हाताने दाणे टाकले त्याच हातात येतो. म्हणून हा लेख सभासदांनी वाचून बाजूला न ठेवता घरात मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती आहे.

आधी आमची स्वतःची फजिती सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरी १४ कोंबड्या होत्या. चैत्रात आठवडे बाजारातून आम्ही दोन कोंबडे आणले. त्यातला एक मान घालून बसलेला होता. उन्हाने झाले असेल असे समजून, आणि खरे सांगायचे तर स्वस्त मिळतोय म्हणून, आम्ही तो घेतला आणि घरी आल्या आल्या दोन्ही कोंबडे खुराड्यात सोडून दिले. पाचव्या दिवशी हिरवट पांढरी हगवण दिसली. मग चोच उघडी टाकून श्वास घेणे, एका पायाने लुळे पडणे आणि शेवटी मान पाठीवर मुरगळून गोल गोल फिरणे. आपल्याकडे याला मानमोडी म्हणतात, पशुवैद्यकाच्या भाषेत राणीखेत. आठ दिवसांत १४ पैकी ११ कोंबड्या गेल्या.

आमचे गेले ते गेले. पण रोग कुंपण मानीत नाही. दोन घरे सोडून राहणाऱ्या बाईंच्या ९ कोंबड्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. त्या बाई अंड्यांच्या पैशातून मुलीच्या वह्या-पुस्तकांचे आणि बचत गटाच्या हप्त्याचे भागवीत. त्यांनी आम्हाला एक शब्द बोलून दाखवला नाही. त्या महिन्याचा हप्ता त्यांनी उसनवारी करून भरला, हे आम्हाला नंतर दुसऱ्यांकडून कळले. लोकांच्या प्लॉटवर जाऊन बेणे निरोगी आहे की नाही हे तपासणारे आम्ही, आणि आमच्याच दारातून शेजारच्या खुराड्यात रोग गेला.

आता कोणी विचारील, लस दिली नव्हती का? नव्हती. तशी माहिती होती, दवाखानाही लांब नव्हता. अडचण अशी की राणीखेतची लस साधारणपणे किमान १०० मात्रांच्या बाटलीत येते. बाटली फोडून पाण्यात कालवली की तास-दोन तासांत ती संपवावी लागते, उरलेली दुसऱ्या दिवशी चालत नाही. आमच्या १४ कोंबड्यांसाठी १०० मात्रांची बाटली कोण फोडणार, ८६ मात्रा वाया जातील, म्हणून आम्ही "पुढच्या महिन्यात बघू" करीत राहिलो. शेजारच्या बाईंचेही तसेच, पलीकडच्या घरचेही तसेच. वस्तीवरच्या आठ-नऊ घरांच्या कोंबड्या मोजल्या असत्या तर बरोबर शंभराच्या आसपास भरल्या असत्या. मोजल्या कोणीच नाहीत.

परसातल्या कोंबड्यांची गोम इथेच आहे. घर म्हणून पाहिले तर दहा कोंबड्या पुरे, दहाच्या वर फार जाऊही नये. पण लस म्हणून पाहिले तर एकट्या घराने कोंबडी पाळताच येत नाही. कारखाना जसा एकट्याच्या उसावर चालत नाही, तशीच लसीची बाटली एकट्याच्या खुराड्यावर परवडत नाही.

दहाचा आकडा आम्ही कुठून काढला ते सांगतो. घरातले शिळे-पाके, धान्य निवडताना निघणारे चाळण, परसातले किडे-गवत आणि मळ्यातला हिरवा पाला यांवर दहा कोंबड्यांची जवळजवळ अर्धी भूक भागते. पूर्ण वाढलेली अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाते. निम्मे बाहेर मिळाले तर दहा कोंबड्यांना रोज अर्धा ते सहाशे ग्रॅम भरडा लागतो, म्हणजे महिन्याला १५ ते १८ किलो. एवढे घरच्या धान्यातून निघते. तीस केल्या की परसातला चारा तेवढाच राहतो, विकतचे खाद्य वाढते, शेजाऱ्याचा मेथीचा वाफा उकरला म्हणून भांडण होते आणि बघता बघता तो धंदा होतो. धंदा करायचा त्याने खुशाल करावा, पण त्याचे गणित निराळे. अंड्याचा भाव मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या उत्पादनावर ठरतो. त्यांच्याशी स्पर्धा करायला आपण ३० कोंबड्यांनी जाणे म्हणजे गुऱ्हाळाने कारखान्याशी गाळपाची पैज लावण्यासारखे आहे. दहा कोंबड्यांना भावाची भीती नाही, कारण निम्मी अंडी घरातच खाल्ली जातात.

जात कोणती घ्यावी, हा प्रश्न प्रत्येक सभेत येतो. आपली गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, पण ती काटक आहे, घार दिसली की पिलांना पंखाखाली घेते आणि रवणीला बसते. पांढरी लेगहॉर्न ३०० च्या घरात जाते, परंतु ती पिंजऱ्याची आणि तयार खाद्याची पक्षीण. परसात सोडली तर मुंगसाला मेजवानी. या दोहोंच्या मधल्या जाती परसासाठीच काढलेल्या आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती दिल्या, बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराजा दिली. यांत अंड्यासाठी ग्रामप्रिया उजवी. परसात थोडे पूरक खाद्य दिले तर ती वर्षाला १६० ते १८० अंडी देते. वनराजा अंगाने भरते, अंडी ११० च्या आसपास. कडकनाथचे सध्या नाव फार झाले आहे. मध्य प्रदेशातील झाबुआच्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, मांसाला भाव आहे, पण अंड्यासाठी ती ठेवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. अंडी कमीच देते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. ग्रामप्रिया किंवा वनराजा या संकरातून आलेल्या आहेत. त्यांचीच अंडी घरी उबवून पुढची पिढी काढली तर आईसारखी अंडी मिळत नाहीत. उसाचे बेणे आपण बेणेमळ्यातून बदलून घेतो, तसेच हे बेणे दोन वर्षांनी बदलावे लागते. आमच्याकडे पुष्कळ घरांतून एक चांगली रीत आहे. केंद्रावरून सुधारित जातीची उबवणीची अंडी आणायची आणि घरच्या खुडूक गावरान कोंबडीखाली १० ते १२ ठेवून रवण घालायची. सातव्या-आठव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडावर अंडे धरून पाहावे. आत लाल शिरा दिसल्या तर ठेवावे, स्वच्छ दिसले तर काढावे. २१ व्या दिवशी पिले बाहेर येतात. पिलांची ऊब, राखण, दाणे टिपायला शिकवणे, सगळे ती माउली बिनपगारी करते.

नुसती एक दिवसाची पिले विकत आणणाऱ्यांना ही सगळी ऊब विजेच्या दिव्याने द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पिलांभोवती ९५ अंश फॅरनहाइट म्हणजे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागते, नंतर दर आठवड्याला ५ अंश फॅरनहाइटने कमी करीत न्यायचे. पिले दिव्याखाली ढीग करून बसली तर ऊब कमी, दिव्यापासून लांब पळाली तर जास्त. रात्री वीज गेली आणि घरचे झोपेत असले की सकाळी डालग्यात निम्मी पिले गारठून मेलेली सापडतात. म्हणून नवख्या घराने सहा ते आठ आठवड्यांच्या, लसी झालेल्या तलंगा घ्याव्यात. पैसे जास्त पडतात, पण पुढचा घोर वाचतो. शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, आपल्याला पुण्याचे खडकीचे केंद्र सोयीचे. तलंगांच्या गटाची अनुदानाची योजनाही असते. त्या वर्षी ती चालू आहे का आणि अर्जाची मुदत काय, हे पंचायत समितीत पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावे. गावातल्या चहाच्या हॉटेलात विचारू नये.

खुराडे दहा कोंबड्यांना ५ फूट बाय ४ फूट पुरते, म्हणजे प्रत्येकीला २ चौरस फूट. जमिनीपासून हात-दीड हात उंच, पुढून बारीक जाळी, मागून भिंत. जाळीचे भोक अर्ध्या इंचापेक्षा मोठे नको. मुंगूस आपल्याला वाटते त्यापेक्षा लहान जागेतून आत शिरते आणि एका रात्रीत दहाच्या दहा मारून एकच ओढून नेते. दाराची कडी रोज संध्याकाळी कोण लावणार, हे घरात ठरलेले असावे. "मला वाटलं तू लावलीस" या वाक्याने आपल्या तालुक्यात जितक्या कोंबड्या गेल्या असतील तितक्या घारीने नेल्या नसतील. आत बसायला आडवी काठी, अंडी घालायला दोन फुटक्या घमेल्यांत मऊ भुसा, एवढे पुरे. वर पत्रा असेल तर त्यावर पाचटाचा जाड थर टाकावा. जामखेडचा मे महिना ४० अंशांच्या पुढे जातो, आणि कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि अंडी बंद करते. त्या दिवसांत दुपारी गोणपाट ओले करून जाळीला बांधावे आणि माठातले गार पाणी दोनदा बदलावे. एरवी दहा कोंबड्यांना अडीच-तीन लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट.

खाली अंथरायला भुसा विकत आणण्याची आपल्याला गरज नाही. कारखान्याचे बगॅस किंवा कुट्टी केलेले पाचट चालते. अट एकच, ते खडखडीत वाळलेले हवे. ओल्या बगॅसला बुरशी येते आणि ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते. आठवड्यातून दोनदा दाताळ्याने खालीवर करावे. सहा महिन्यांनी निघणारे हे खत नत्राच्या दृष्टीने शेणखतापेक्षा कितीतरी जोरकस असते, मात्र ताजे ताजे उसाच्या बुडात टाकू नये, मुळ्या करपतात. पाचटाबरोबर कुजवून मगच द्यावे.

खाद्याचे आम्ही जे करतो ते असे. दहा किलो करायचे तर सहा किलो ज्वारी, बाजरी किंवा मक्याचा भरडा, अडीच किलो शेंगदाणा किंवा सोयाबीनची पेंड, एक किलो गव्हाचा कोंडा, बाकी अर्ध्या किलोत क्षारमिश्रण आणि चिमूटभर मीठ. शिंपल्याचा चुरा किंवा चुनखडीची कणी निराळ्या वाटीत कायम ठेवावी. जी कोंबडी अंडे घालणार आहे ती आपणहून खाते. कवच पातळ येऊ लागले की वाटी रिकामी आहे असे समजावे. कच्चे सोयाबीन मात्र भरडून घालू नका, ते पचत नाही. पेंड किंवा भाजलेलेच चालते. सरकी पेंड गाई-म्हशीला, कोंबडीला नको, बलक हिरवट पडतो. आणि बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणा "जनावराला चालतोय" म्हणून कोंबडीला टाकण्याची सवय सोडा. त्यातले विष माणसापेक्षा आधी कोंबडीच्या यकृताला मारते.

विषाचा विषय निघालाच आहे तर उसाच्या मळ्याचेही सांगितले पाहिजे, कारण हे पोल्ट्रीच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. हुमणीसाठी वापरले जाणारे फोरेटचे दाणे कोंबडी धान्य समजून टिपते. फोरेटवर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुन्या पिशव्या काही सभासदांच्या माळ्यावर अजून आहेत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरे म्हणजे बेणेप्रक्रियेचे पिंपातले औषधी पाणी. लागण उरकते, माणसे जेवायला बसतात आणि पिंप उघडेच राहते. तिसरे, उंदरासाठी पिठात कालवलेले झिंक फॉस्फाइड. एका सभासदाच्या बांधावर एका सकाळी सात कोंबड्या पडलेल्या आढळल्या, आणि घरचे लोक आदल्या रात्री कोणी करणी केली याचा शोध घेत होते. उंदराच्या गोळ्या त्यांनीच बांधावर ठेवल्या होत्या. याउलट नांगरट चालू असताना, त्या रानात औषध टाकलेले नसेल तर, कोंबड्या जरूर मागे सोडाव्यात. हुमणीच्या अळ्या त्या इतक्या आवडीने वेचतात की आमचे काम त्या करतात. पहिल्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवरून झाडून गोळा केलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकले असतील तर ते मात्र कोंबड्यांना घालू नयेत.

आता पुन्हा लसीकडे. ती कशी द्यायची हे नीट कळले तर बाकीचे सगळे चुकतमाकत जमते.

राणीखेतवर औषध नाही, लसच आहे. पिलू सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात, महिन्याचे झाले की पुन्हा एक. आठ ते दहा आठवड्यांची तलंग झाली की आर-टू-बी ची लस टोचून घ्यावी. हे टोचण्याचे काम पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसाकडूनच करवून घ्यावे. देवीची लस त्याच सुमारास, दोन्हींमध्ये अंतर किती ठेवायचे ते डॉक्टर सांगतील. मोठ्या कोंबड्यांना पुढे वर्षातून निदान दोनदा लासोटाचा थेंब द्यावा असा आमचा क्रम आहे. एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दसऱ्याच्या आधी. दसऱ्याच्या आधी का, तर नंतर टोळ्या येतात. ऊसतोडणीला येणारी कुटुंबे आपला संसार गाडीवर घालून येतात, त्यात शेळी असते, डालगे असते आणि डालग्यात चार कोंबड्याही असतात. आपल्याच तालुक्यातील कितीतरी कुटुंबे अशीच डालगी घेऊन दुसऱ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. वेगवेगळ्या गावांच्या कोंबड्या एका तळावर आल्या की रोगाला रस्ता मिळतो. यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या चार कोंबड्या मेल्या तर त्यांचे नुकसान आपल्यापेक्षा मोठे असते, कारण परमुलखात लेकराच्या ताटात पडणारे अंडे तेवढेच. म्हणून मुकादमाला सांगून तळावरच्या कोंबड्यांनाही आपल्याच बाटलीतला थेंब द्यावा. त्यात उपकार नाहीत, आपल्याच खुराड्याचे रक्षण आहे.

बाटली दवाखान्यातून आणायची ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये. ऊन लागले, गरम झाली की लस मेली. रंगावरून काही कळत नाही, आणि लस दिली या भरवशावर आपण निर्धास्त राहतो. थेंब देण्याचे काम पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच करावे. एकाने धरायची, मान आडवी करायची, दुसऱ्याने थेंब टाकायचा आणि कोंबडीने डोळा मिटून उघडेपर्यंत सोडायची नाही. आजारी कोंबडीला लस देऊ नये. आठवडाभर आधी जंताचे औषध दिले असेल तर लस चांगली लागते. आठ घरांच्या ९० कोंबड्या दीड तासात उरकतात, हे आम्ही तीन वेळा करून पाहिले आहे.

हे काम कोणी करावे? आमच्या वस्तीवर पहिल्या वेळी आम्ही आणि दोन तरुण मंडळींनी केले. निम्म्या कोंबड्या हातातून निसटल्या, कारण त्या आम्हाला ओळखतच नव्हत्या. दुसऱ्या वेळी बायकांनी केले, एकही निसटली नाही. बायकांना लसीचे काय कळणार, असे जामखेडात तरी कोणी म्हणू नये. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली इथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यांनी खेड्यातल्या, पुष्कळशा अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. बाळंतपण कसे करावे, लेकराचे वजन कसे घ्यावे, जुलाब झाला तर काय पाजावे, हे त्या बायका आपापल्या गावात करू लागल्या. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेडला शिकायला येऊ लागले. ज्या तालुक्यात बायकांनी हे करून दाखवले, तिथे कोंबडीच्या डोळ्यात एक थेंब टाकणे ही काय मोठी विद्या! आफ्रिकेत मोझांबिक आणि टांझानियात उष्णता सोसणारी निराळी लस काढून गावोगावचे लोक, त्यांत बायकाही, असाच थेंब घरोघर देतात आणि कोंबडीमागे थोडे पैसे घेतात. आपल्याकडची नेहमीची लस उष्णता सोसत नाही, आपल्याला बर्फ लागतोच, एवढाच फरक.

बाजारातून आणलेला पक्षी निदान १५ दिवस वेगळ्या डालग्यात, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा. त्याचे दाणापाणी शेवटी करावे आणि मग हात धुवावेत. हा नियम आम्ही ११ कोंबड्या देऊन शिकलो. लहान पिलांना रक्ताची हगवण लागली तर बहुधा अंथरूण ओले असते. दवाखान्यातून औषध आणावे आणि अंथरूण त्याच दिवशी बदलावे. माणसाच्या गोळ्या कुटून पाण्यात घालू नयेत.

बर्ड फ्लूविषयी दोनच शब्द. देशातली पहिली साथ २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला सापडली. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला पुन्हा आढळली. एकाएकी पुष्कळ पक्षी मेले तर ते ओढ्यात, उसात किंवा गावाच्या उकिरड्यावर फेकू नका, हात लावू नका, ताबडतोब पशुसंवर्धन खात्याला कळवा. लपवून विकून टाकणारा आपल्या शंभर शेजाऱ्यांच्या घरात रोग पाठवतो. एरवी अंडे आणि मांस पूर्ण शिजवून खाल्ले तर भिण्याचे कारण नाही.

हिवाळ्यात अंडी कमी झाली की "नजर लागली" म्हणणारे पुष्कळ. नजर नाही, उजेड कमी पडतो. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस ११ तासांचा. पहाटे चार-साडेचारला एक लहान दिवा लावावा. संध्याकाळी लावला तर एकदम बंद झाल्यावर कोंबड्यांना काठी सापडत नाही. पिसे झडू लागली तर ती विश्रांती घेते आहे, महिना-दीड महिना थांबावे. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, हेही इथे सांगून टाकतो. खाण्याच्या अंड्यासाठी कोंबडा पाळण्याची जरूर नाही, पिले हवी असतील तरच.

घरात कामे वाटून घ्यावीत. आमच्याकडे सकाळी दार उघडणे आणि पाणी हे मुलाकडे, दाणे आणि हिशेब घरातून, अंडी गोळा करणे आईकडे, कारण कोणती कोंबडी कुठे चोरून अंडी घालते हे तिलाच ठाऊक असते. साफसफाई आमच्याकडे. आईने अंड्यावर कोळशाने तारीख घालण्याची रीत पाडली आहे. अंडी धुवू नयेत, माठाजवळ गार जागी ठेवावीत. पाण्यात टाकून आडवे बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर टाकून द्यावे. हे पाहायला मुलांना फार आवडते.

आता ती अंडी खायची कोणी? ग्रामप्रियासारख्या दहा कोंबड्यांची वर्षाची सरासरी धरली तर रोज चार-साडेचार अंडी पडतात. एक-दोन कोंबड्या जातातच, म्हणून आपण रोजची साडेतीन धरू. पुष्कळ घरांत असे होते की पाहुणा आला की अंडे, बाकी सगळी दुकानात. लहान मुलीला तर विचारतही नाहीत. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम उत्तम प्रथिन असते. भाकरी-आमटीवर वाढणाऱ्या लेकराला आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला ते दुसरीकडून सहज मिळत नाही. आमच्या घरचा नियम असा की दिवसाची पहिली दोन अंडी घरातली, मुलगा-मुलगी भेद नाही. उरतील ती विकायची, आणि विकलेल्या अंड्यांचा पैसा जिने दाणे टाकले तिच्या डब्यात. त्याचा हिशेब आम्ही विचारीत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरे छावणीला गेली आणि ऊस वाळून गेला, तेव्हा कित्येक घरांत मीठ-मिरची अशा डब्यातूनच आली. ज्यांच्या घरी माळ आहे, अंडे चालत नाही, त्यांच्यावर आमचा आग्रह नाही. मात्र अशा एका माळकरी सभासदांनी आमच्या यादीत शेजाऱ्यांच्या कोंबड्या मोजून देण्याचे काम स्वतःहून घेतले आहे, त्यांचे आभार.

यादीचे असे. प्रत्येक वस्तीवर एका घराने वही ठेवावी आणि घरटी कोंबड्या, तलंगा आणि पिले मोजून लिहावीत. ८० ते १०० च्या दरम्यान आकडा आला की एक बाटली. वस्ती लहान असेल तर शेजारच्या वस्तीला जोडून घ्यावी. बाटलीचा खर्च कोंबड्यांच्या संख्येप्रमाणे वाटला की घरटी नगण्य येतो. तुमची यादी भाद्रपद संपण्यापूर्वी गट कार्यालयात आमच्या ऊस मदतनीसांकडे द्यावी, म्हणजे पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून गावोगावचे दिवस ठरवता येतील. आणणाऱ्याने थर्मास घरचाच आणावा. गेल्या वेळी कार्यालयातून नेलेले दोन थर्मास अद्याप परत आलेले नाहीत.